प्रमिलाताईंनी पुसलेली पाटी

प्रमिलाताई देवणीकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं होती. पुण्याहून नवी नोकरी धरून मी सिकंदराबादला आलो होतो. स्टेशनच्या बाजूला, खाली लोखंडी कपाटांचं दुकान आणि वर आमची कचेरी. आमची कंपनी लहान. छोट्या इस्पितळांच्या रक्तपेढ्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. रक्ताची पिशवी कुणाची, कोणत्या गटाची, कधीपर्यंत वापरायची, हे सगळं त्यात नोंदलं जातं आणि पिशवीवर चिकटवायचं लेबलही त्यातूनच छापलं जातं. ते सॉफ्टवेअर माझ्या नव्या मशीनवर उभं करून दाखवायचं, एवढंच माझं पहिलं काम होतं. ते काही केल्या उभं राहत नव्हतं.

मी स्वभावाने काळजीखोर आहे. आमच्या घरात काळजी वडिलोपार्जित आहे. संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात नोकरी गमावून, सामान बांधून, पुण्याला परतून वडिलांसमोर उभासुद्धा राहिलो होतो. तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुती साडी, चष्म्याला दोरी, हातात स्टीलचा डबा. त्या बसल्या आणि त्यांनी विचारलं, "जेवलास का?"

मी म्हटलं, "बिल्ड होत नाहीये."

"ते दिसूलालंय. मी विचारलं, जेवलास का."

मी जेवलो नव्हतो. त्यांनी डब्यातलं धपाटं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि मी ते संपवेपर्यंत पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता वर जा. एकदम वर. पहिली लाल ओळ कुठंय?"

मी तोवर शेवटची ओळ वाचत होतो. सगळेच वाचतात, कारण ती डोळ्यासमोर असते. ताईंचं म्हणणं असं, की शेवटची ओळ नुसती रडते, काय झालं ते पहिली ओळ सांगते. वर गेलो तर पहिली ओळ म्हणत होती की अमुक फाइल सापडत नाही. ती फाइल मला समोर दिसत होती. पुढचा तासभर ताईंनी मला फक्त प्रश्न विचारले. शेवटी माझं मलाच दिसलं. मशीनवर माझं खातं उघडताना मी ऐटीत नाव आणि आडनाव लिहिलं होतं, मध्ये जागा सोडून. माझ्या सगळ्या फाइलींच्या पत्त्यात ते नाव येत होतं आणि आमचं बिल्ड करणारं जुनं साधन त्या रिकाम्या जागेपाशी पत्ता संपला असं समजून परत फिरत होतं. खात्याचं नाव बदललं आणि सगळं उभं राहिलं. ताईंनी त्या तासाभरात कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे बरेचसे वाचक त्यांना हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या मराठी मंडळामुळे ओळखतात. गणेशोत्सवाचा हिशेब असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, ताईंचा हात त्यात असतोच. त्यावर इतरांनी लिहिलं आहे. मला त्यांच्या कामावर लिहायला सांगितलं आहे आणि अडचण अशी, की ते नीट झालं की दिसत नाही. म्हणून आधी थोडं समजावून सांगतो. प्रोग्रामर जे लिहितात तो नुसता मजकूर असतो. त्या मजकुरापासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं म्हणजे बिल्ड. आईने फोनवर सांगितलेल्या कृतीवरून परगावी पुरण करायला घ्यावं, तसा हा प्रकार आहे. आई सगळं सांगते, पण तिच्या कुकरला किती शिट्ट्या पुरतात, तिची डाळ कुठल्या दुकानची, हे सांगायचं तिला सुचतच नाही, कारण तिच्या स्वयंपाकघरात ते असतंच. मग आपलं पुरण पातळ होतं आणि आपण स्वतःला दोष देतो. प्रोग्रामरच्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या मशीनवर का चालत नाही, याची बहुतेक उत्तरं या न सांगितलेल्या गोष्टींत असतात. ताईंनी उभी हयात त्या गोष्टी शोधण्यात घालवली.

त्यांची एक रीत आमच्या कचेरीत सगळे पाळतात. कुणाचं कितीही अडो, मदतीला बसणाऱ्याने हात मांडीवर ठेवायचे. जो अडला आहे त्यानेच टाइप करायचं. आमचे साहेब एकदा चिडून म्हणाले होते, "अम्मा, आप करे तो फटाफट हो जाता!" त्यावर ताई म्हणाल्या, "हौ साब, मेरे हात से हो जाता. फिर मेरे हातच ढूंडते फिरेंगे सब." साहेब हसले आणि विषय तिथेच राहिला. त्या वाक्याचा पुढे आम्हा सगळ्यांना कसा अनुभव येणार होता, ते तेव्हा कुणाला कळलं नाही. खुद्द ताईंनाही नाही, असं मला आता वाटतं.

दुसरी गोष्ट, आपोआप बऱ्या झालेल्या दुखण्यावर ताईंचा विश्वास नाही. श्रावणी ही आमची वरंगळकडची सहकारी. एकदा तिचं बिल्ड सकाळपासून अडलं होतं, मशीन बंद करून चालू केल्यावर ते सुरळीत झालं. ती आनंदाने चहा सांगायला निघाली. ताईंनी तिला थांबवलं. "का बरं झालं ते कळलं का? नाही ना? मग बरं झालं म्हणू नको. गप्प बसलंय बोल." आणि त्यांनी तिला चांगलं चाललेलं बिल्ड पुन्हा बिघडवायला लावलं. श्रावणीचा चेहरा रडवेला झाला होता. पण बिघडवता बिघडवता कारण सापडलं. आधीच्या खेपेच्या अर्धवट फाइली साठून राहिल्या होत्या आणि नवं बिल्ड त्याच शिळ्या फाइली उचलत होतं. दोन दिवसांनी हेच दुखणं एका ग्राहकाच्या गळ्यात पडलं असतं.

कुणाच्या चुकीने बिल्ड मोडलं की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कौन तोड़े?" ताईंचं उत्तरही ठरलेलं. "कौन तोड़े सो छोड़ो साब, कहां टूटा सो देखेंगे." मी नोकरीत कायम होण्याआधीच्या दिवसांत या वाक्याच्या आडोशाला किती वेळा उभा राहिलो, ते ताईंना माहीत आहे. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी चार दिवस सुट्टी मागायला घाबरत होतो, कारण हातात मोडकं काम होतं. ताईंनी माझ्याआधी जाऊन साहेबांना सांगितलं आणि मला म्हणाल्या, "बिल्ड इथंच राहतंय, आईजवळ जा." परत आलो तर काम जसंच्या तसं माझी वाट पाहत होतं, त्याला कुणीही हात लावला नव्हता. त्याचा मला रागही आला आणि नंतर बरंही वाटलं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायचं कबूल केलं, त्याकडे येतो.

आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांना पाठवायची असली की ती ताईंच्याच मशीनवरून बनायची. इतरांच्या मशीनवर कामापुरतं बिल्ड व्हायचं, पण अखेरच्या तपासणीत दर वेळी एकच तक्रार येई, लेबलवरचा मजकूर कागदात मावत नाही. ताईंच्या मशीनवर मात्र तो नेहमी मावायचा. पूर्वी एक-दोघांनी कारण शोधायचा प्रयत्न केला, प्रिंटरच्या सेटिंगला नावं ठेवली आणि नाद सोडला. ताईंचं मशीन होतंच. घरात एखादा माणूस सगळं बघतो म्हटलं की बाकीचे निवांत होतात, तसे आम्ही निवांत झालो होतो.

मागच्या वर्षी एका सकाळी ताईंच्या छातीत दुखू लागलं. माधवरावांनी त्यांना मलकपेठच्या एका इस्पितळात नेलं. माधवराव म्हणजे ताईंचे यजमान, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. रक्तवाहिनीत अडथळा निघाला आणि त्याच दिवशी तो काढावा लागला. आम्ही कचेरीत देव पाण्यात घालून बसलो होतो. त्यातच इम्तियाजभाई धावत वर आले. ग्राहकांकडचं सगळं तेच बघतात. काही रक्तपेढ्यांनी नवे प्रिंटर घेतले होते आणि त्यांवर लेबलचा खालचा भाग कापला जात होता. त्या भागात पिशवी कधीपर्यंत वापरायची ती तारीख असते. तिथली माणसं पेनाने तारखा लिहून काम चालवत होती. रक्ताच्या पिशवीवर घाईत हाताने लिहिलेला आकडा, आणि तो चुकला तर?

दुरुस्ती सोपी होती. श्रावणीने दुपारपर्यंत ती केली. पण आवृत्ती बनवायची ताईंच्या मशीनवर, आणि ते बिल्ड सुरूच होईना. पहिली लाल ओळ वाचली, तीही काही सांगेना. आम्ही सगळे त्या रिकाम्या खुर्चीभोवती उभे होतो. बसायला कुणी तयार नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, एकदा माधवरावांना फोन करून बघा, ताईंनी कुठं काही सांगून ठेवलंय का. श्रावणीने फोन लावला. तो माधवरावांनी नाही, ताईंनी घेतला.

आवाज खोल गेला होता. "मशीन बंद होऊन चालू झालंय का? मग बिल्डच्या साधनांना चालायचा परवाना देणारं ते जुनं सॉफ्टवेअर हातानं चालू करा. मी रोज सकाळी करते." मग धाप लागली म्हणून थांबल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "जेवले का सगळे?"

बिल्ड झालं. आवृत्ती गेली. संध्याकाळपर्यंत लेबलं नीट छापली जाऊ लागली. इम्तियाजभाईंनी सगळ्यांना चहा पाजला, पण त्या चहाची चव कुणालाच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी माधवराव कचेरीत आले. ताईंचा चष्मा टेबलावर राहिला होता, तो न्यायला. मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. चष्मा रुमालात गुंडाळत म्हणाले, "तिथं भेटायची वेळ लई थोडी असती हो. काल ती वेळ तुमच्या फोनात गेली. मी दारातच उभा होतो."

ते पुढे म्हणाले, "राग नाही. पण आमच्या रेल्वेत एक माणूस आजारी पडला म्हणून गाडी थांबत नाही. तसं ठेवतच नाहीत." आणि जिना उतरून गेले.

त्या आठवड्यात मला झोप धड लागली नाही. ताईंना काही झालं तर रक्तपेढ्यांचं काय, ही काळजी एकीकडे. आणि दुसरीकडे, रक्तपेढ्यांच्या काळजीने आपणच ताईंना काही करून बसलो तर? दोन्ही काळज्या खऱ्या होत्या आणि दोन्हींचं मूळ त्या टेबलावरच्या एका मशीनमध्ये होतं. साहेबांनी हुकूम काढला, त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, ते बंद करायचं नाही, वीज गेली तर आधी त्याला बॅटरी. इम्तियाजभाईंनी त्याला झेंडूचा हार घातला. थट्टाच होती, पण हार काढायला कुणी धजावलं नाही.

महिन्याभराने ताई परत आल्या. बारीक झाल्या होत्या. जिना चढून आल्यावर थोडा वेळ भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग मशीनवरचा सुकलेला हार बघितला, तो काढून खाली टाकला आणि म्हणाल्या, "याची पाटी पुसायची."

मशीन पूर्ण कोरं करून सगळं पहिल्यापासून उभं करणं, याला ताई पाटी पुसणं म्हणतात. नवीन माणसाच्या मशीनची त्यांनी कितीदा तरी पुसवली होती. पण ही पाटी? साहेबांचा चेहरा उतरला. इम्तियाजभाई हात जोडून म्हणाले, "अम्मा, बनी बनाई मशीन कू कायकू छेड़रे? अच्छी चलरी ना!"

"चलती नहीं बाबा. मैं चलाती उसकू," ताई म्हणाल्या.

मीही मध्ये पडलो. निदान जुनी डिस्क काढून कपाटात ठेवू, अडलं तर लावता येईल, असं मी सुचवलं. ताई म्हणाल्या, "काढू, पण कपाटात नक्को. कपाट उघडायला तुला किती वेळ लागतो, मला माहीत आहे." त्यांनी डिस्क काढायला लावली, कागदात गुंडाळली आणि संध्याकाळी न्यायला आलेल्या माधवरावांच्या हाती दिली. "हे घरी ठेवा. यांच्यातलं कुणी मागायला आलं तर द्या. पण यायला लागंल, दार वाजवून मागायला लागंल." माधवरावांनी ती डब्याच्या पिशवीत ठेवली. पिशवी जिन्यावरून खाली जाताना मी पाहत होतो. माझा जीव तिच्याबरोबर एकेक पायरी उतरत होता.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. श्रावणी कीबोर्डवर, मी शेजारी, आणि आमच्यामागे हात मांडीवर ठेवून ताई. नवी डिस्क बसवून कोऱ्या मशीनवर एकेक साधन चढवत गेलो. अडत होतो, वर जाऊन पहिली लाल ओळ वाचत होतो, पुढे सरकत होतो. ते हाताने चालू करावं लागणारं सॉफ्टवेअर आता मशीनबरोबर आपोआप सुरू होईल अशी सोय केली. हे ताई रोज सकाळी करतात हे आम्हाला एवढी वर्षं माहीत नव्हतं आणि हे सांगण्यासारखं आहे हे त्यांना सुचलं नव्हतं. देवघरातला दिवा कोण लावतं असं घरात कुणी विचारत नाही, त्यातलाच प्रकार.

मग अखेरची तपासणी आली आणि लाल अक्षरांत तेच जुनं वाक्य उमटलं. लेबलवरचा मजकूर कागदात मावत नाही.

आता ताईंचं मशीनही इतरांसारखंच झालं होतं. ज्या एका जागी लेबल मावायचं ती जागा आम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. साहेब दारात उभे होते, ते आत न येता परत गेले. पुढच्या आठवड्यात नवी आवृत्ती जायची होती. आम्ही ताईंच्या रीतीप्रमाणे वर गेलो, पहिली लाल ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ती तेच सांगत होती, मावत नाही. ताईंनी प्रश्न विचारले, आम्ही उत्तरं दिली आणि काहीच निघालं नाही. मी वळून पाहिलं तर ताईंचा हात मांडीवरून उठून छातीशी गेला होता. मला वाटलं, संपलं सगळं. मी पाणी आणायला उठलो. त्या म्हणाल्या, "बस, बस. दुखत नाही. मलाच भीती वाटूलाली." ताईंना भीती वाटते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात श्रावणी हळूच म्हणाली, "ताई, इक्कड एक पिवळी ओळ आहे. लालच्या खूप वर."

पिवळ्या ओळी आम्ही कुणी वाचत नसू. त्या सूचना असतात, चूक नसतात, बिल्ड त्यांना ओलांडून पुढे जातं. ही ओळ म्हणत होती की मागितलेला अक्षरांचा फाँट या मशीनवर नाही, म्हणून दुसरा वापरला आहे. दुसऱ्या फाँटची अक्षरं रुंद होती. म्हणून मजकूर कागदाबाहेर जात होता.

ताई त्या फाँटच्या नावाकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेचा मजकूर त्यांनी कचेरीतल्या मशीनवर जुळवला होता आणि त्यासाठी ही बारीक, उभट अक्षरं हौसेने मशीनवर चढवली होती. पुढे लेबलवर इकडची लांबलचक नावं मावेनात, तेव्हा हाताशी होता तोच फाँट त्यांनी लावून टाकला. तो फक्त आपल्याच मशीनवर आहे, हे विसरून गेल्या. त्यांच्या मशीनवर ती पिवळी ओळ कधी उमटलीच नाही. आणि बाकीच्यांना तर त्यांनीच शिकवलं होतं, पहिली लाल ओळ बघा म्हणून.

"म्हणजे एवढी वर्षं अडचण मीच होते बघ," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, कौन तोड़े सो छोड़ो." त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. हा धपाटा खाण्याचा नव्हता.

दुसरा एखादा माणूस ही गोष्ट मनात ठेवून गप्प बसला असता. ताईंनी त्याच दुपारी सगळ्यांना बोलावलं, साहेबांसकट, आणि स्वतःची चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आपली रीतही सगळ्यांसमोर दुरुस्त केली. पहिली ओळ बघा, तिचा रंग बघू नका. साठीला टेकलेल्या माणसाने स्वतःचंच म्हणणं असं खोडून काढणं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. माझ्या लेखी ताईंच्या कामाचा मोठेपणा तो आहे, आणि या ग्रंथात दुसरं काही नाही तरी एवढं राहावं.

आम्ही फाँट सॉफ्टवेअरच्या सामानात नीट बांधला. लेबल मावलं. बिल्ड हिरवं झालं. श्रावणीने टाळी वाजवली. ताई उठल्या, पदर खोचला, डबा उचलला आणि म्हणाल्या, "आता परत पुसा."

"परत?"

"मी इथं बसले होते ना. म्हणजे अजून कळलं नाही. शनिवारी मी नसताना करा." आणि जिना उतरून गेल्या.

त्या शनिवारची भीती मी आयुष्यात विसरणार नाही. पाटी पुसली तेव्हा मागची खुर्ची रिकामी होती. जुनी डिस्क काचीगुड्याला, ताईंच्या घरी. अडलं तर ते दार वाजवायचं, दार माधवराव उघडणार आणि मला काही न विचारता ती पिशवी आणून देणार. त्या न विचारण्याला मी सगळ्यात जास्त घाबरत होतो. प्रत्येक पिवळी ओळ आम्ही थांबून दोनदा वाचत होतो. श्रावणी टाइप करत होती आणि मी हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले होते. दुपार कलली तेव्हा अखेरची तपासणी सुरू झाली. लेबल मावलं. आता एकही लाल नाही, एकही पिवळी नाही. इम्तियाजभाई म्हणाले, "अब तो मिठाई होना!" आणि ते खाली धावले.

मी फोन लावला. तो माधवरावांनी उचलला. त्यांनी माझा आवाज ओळखला. मागून आगगाडी जात होती, खिडकीच्या काचा वाजत होत्या. मग ते म्हणाले, "काय मोडलं?"

"काही नाही मोडलं," मी म्हटलं. "ताई जेवल्या का, विचारायला केला होता."

गाडी गेली, काचा थांबल्या. मग ते आत वळून म्हणाले, "अगं, कचेरीचा फोन आहे. घाई नको करू. सावकाश ये."

ती डिस्क अजून त्यांच्याकडेच आहे. एकदा घरी गेलो तेव्हा माधवरावांनी कपाटावरची पिशवी दाखवली आणि म्हणाले, "कुणी आलंच नाही मागायला." एवढं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

या महिन्यात ताई साठ वर्षं पूर्ण करून निवृत्त होत आहेत. काळजी करायचा माझा स्वभाव काही जायचा नाही, त्यामुळे मागणंही मी काळजीपूर्वकच मागतो. ताईंचं हृदय ठणठणीत राहो. त्यांना आणि माधवरावांना उदंड आयुष्य मिळो आणि ते आयुष्य त्यांच्या स्वतःच्या वेळेचं असो. कपाटावरच्या त्या पिशवीवर वर्षानुवर्षं धूळ बसत राहो. आम्ही फोन करतच राहू, ताई. तो वाजला की दचकू नका. जेवलात का, एवढंच विचारायचं असेल.